उभी बाटली

"उभी नको ठेवू व. आडवी ठेव."

फ्रिजच्या दारापाशी सासूबाई आणि माझी नणंद मेघा यांची सकाळी सकाळी जुंपली होती. मेघा रात्रीच्या गाडीने पाचोऱ्याला उतरून नुकतीच घरी आली होती. पिशवी उतरवायच्या आधी तिने टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि फ्रिजमधलं दुधाचं पातेलं सरकवून तिथे उभी केली.

"माय, उभीच ऱ्हाऊ दे. खाले गाळ बसस, तो हालाले नको."

"मन्हा घरमा बाटली उभी ऱ्हास नही."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे तेलाची बाटली आडवी, फिनेलची आडवी, देवघरातली गुलाबपाण्याचीसुद्धा आडवी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासरची माणसं थोडी विचित्र आहेत. मग ओसरीवर भिंतीला लावलेला फोटो पाहिला. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान मागितलं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. बायकांनी शिक्के मारून मारून बाटली आडवी केली. फोटोत सगळ्यांच्या पुढे, पदर खोचून, भिकुबाई झुलाल पाटील. माझ्या सासूबाई. सासरे त्याआधीच दारूपायी गेले होते. तेव्हापासून त्यांनी घरात एकही बाटली उभी राहू दिली नाही, आणि सगळ्या गल्लीला ते माहीत आहे.

आणि त्यांचीच लेक पुण्यात बियर बनवते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरात कुणी बोलत नव्हतं. गावात कुणी विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, "फळना रसनी कंपनीमा शे." बोलताना नजर दुसरीकडे असायची.

मेघा आंघोळीला गेली. सासूबाई दूध काढायला फ्रिजशी गेल्या आणि सवयीने त्यांच्या हाताने ती बाटली आडवी केली. मी पाहिलं, पण बोलले नाही. सासूला आणि नणंदेला एकाच दिवशी शहाणपण शिकवायची माझी छाती नाही.

दुपारी जेवणं झाली. आमचे हे मळ्यात गेले होते. मेघाने फ्रिज उघडला आणि तिचा चेहरा उतरला. आडवी बाटली हातात घेऊन ती सासूबाईंसमोर खाली बसली.

"माय, हाई मी पह्यलांदा मन्हा मनथून करेल शे. पुढला हप्ताले बाजारमा जाई. तू चाखेल नही अशी वस्तू आपला घरथून कव्हय भाईर गई का?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. लोणचं असो, सांडगे असोत, सासूबाईंच्या जिभेवरून गेल्याशिवाय बरणीचं झाकण लागत नाही. उन्हाळ्यात तर शेजारच्या चार घरांत पापडासारख्या बिबड्या घालायच्या असल्या की ज्वारीचा घाटा पुरेसा आंबला की नाही, ते बघायला त्यांनाच बोलावणं येतं. त्या तळहातावर थेंबभर घेतात, चाटतात, डोळे मिटतात आणि मान हलवतात. मग बाकीच्या बायका कामाला लागतात.

"दारू चाखाले लावशी का माले आते?" सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मेघाने झाकण उघडलं. सकाळपासून आडवी पडलेली आणि हलवाहलवीत घुसळलेली ती बाटली अशी उसळली की फेस तिच्या हातावरून, मांडीवरून फरशीवर आला. ती धडपडत पेल्यात ओतायला लागली. पेला भरेपर्यंत अर्धी फरशीवर होती आणि उरलेली गढूळ.

"गाळ वर ई गया," ती एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले. इतकी मोठी झालेली मुलगी, पण ओठ अगदी लहान मुलीसारखा बाहेर आला.

सासूबाई फरशीवरच्या फेसाकडे बघत राहिल्या. "मन्हामुळे सांडी गई का व?"

मेघाने मान हलवली. हो म्हणाली की नाही, कळलं नाही.

सासूबाईंनी पेला जवळ ओढला. आधी वास घेतला. बराच वेळ घेतला. मग तळहात पुढे केला, थेंबभर ओतून घेतली आणि चाटली. डोळे मिटले.

"गहू शे," सासूबाई म्हणाल्या. "कुरडईना चीकना वास ई ऱ्हायना."

"शे, माय."

"आनि धने?"

"धने शेत व माय!" मेघा उडालीच. "बेल्जियम नावना देश शे, तठे अशीच करतस. धने आनि संत्रानी साल."

"साल माले नही समजनी." पुन्हा थेंब. "गोड शे. पन नाकले जितली गोड लागस, तितली जिभले नही. ते फळ कोनतं?"

"पीच. थंडा मुलुखमा पिकस."

"मी कव्हय खायेल नही," सासूबाई म्हणाल्या. "मांगे आंबट शे, जरासं. आनि शेवटले कडू."

"कडू जोयजे, माय. नही ते सरबत व्हई जाई."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. मग लेकीकडे न बघता म्हणाल्या, "तुन्हा बापना तोंडना वास शे का, ते देखत व्हती मी. तो वास नही शे."

मेघा आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मला उगाच चुलीकडे काम निघालं. जाताना पेल्यातला एक घोट मीही घेतला, खोटं कशाला बोलू. जिभेवर बारीक बारीक टोचलं, मग पिकल्या फळाचा वास नाकात चढला आणि घसा थंड झाला. मला आवडली.

तेवढ्यात मागच्या दाराने मंजुळाबाई आल्या. फोटोत सासूबाईंच्या शेजारी मूठ वर करून उभ्या आहेत, त्याच.

"भिकुअक्का, घाटा शिजना. चाखाले चाल." मग त्यांची नजर खाली गेली. "कसानी बाटली शे ती?"

मी पदराने पेला झाकायला पुढे झाले. सासूबाईंनी माझा हात बाजूला केला.

"बियर शे. मन्ही मेघानी करेल शे."

"तू ते रसनी कंपनी सांगत व्हती ना?"

"खोटं सांगत व्हती. आते खरं सांगी ऱ्हायनी."

मंजुळाबाई दारातच थबकल्या. "आनि आपन दुकान बंद करं ते?"

"ते बंदच ऱ्हाई. उद्या कोनी उघडाले उना ते पह्यली मीच आडवी व्हसू." सासूबाई उठून उभ्या राहिल्या, अगदी फोटोतल्यासारख्या. "पन हाई मन्ही आंडेरना, मन्ही लेकना हातनी वस्तू शे. गहू, धने, फळ, बठ्ठं तिनं जमाडं. मी चाखी. चांगली शे. कोनले सांगनं व्हई ते सांग."

मंजुळाबाईंनी वाकून पेल्याचा वास घेतला. पिणार नाही म्हणाल्या, आणि प्यायल्याही नाहीत. पण जाता जाता मेघाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आंबानी करता येस का व?"

त्या गेल्यावर मेघाने रिकामी बाटली धुतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. सासूबाईंनी ती तिच्या हातातून घेतली, पदराने पुसली, लेबलावरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरली. तिथे खाली मेघाचं नाव होतं. ते त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. मग बाटली ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवली, फोटोच्या खाली, आणि घाटा चाखायला निघून गेल्या.

संध्याकाळी मी ओसरी झाडत होते. इतक्या वर्षांची सवय, कोनाड्यातली बाटली दिसताच माझा हात तिला आडवी करायला गेला. अंगणात सासूबाई बिबड्यांची खाट आत घेत होत्या. तिथूनच ओरडल्या,

"दीपमाला, हात नको लावू. ती उभीच ऱ्हाऊ दे."