परातीचा चंद्र

आश्विनातली कातरवेळ. निळे, निश्चळ तळे. तळ्याकाठी दीपपुष्पांनी डवरलेली राई. राईवर ताम्रवर्ण, ओलसर, भला थोरला चंद्र. केवड्याच्या पानाची होडी अलगद निघालेली, आणि पाण्याच्या तळाशी एक गाव उलटे निजलेले.

हा प्रदेश कोणत्याही नकाशात नाही. तो शाल्मलीच्या संगणकावर आहे. तळे कासच्या वाटेवरचे, राई मेणवलीची, आणि चंद्र म्हणजे यमूआत्याची तांब्याची परात. वेगवेगळे फोटो, थरावर थर ठेवून जुळवलेले. पण हे गाव पहिल्यांदा रचले ते आत्याने, गोष्टींतून. आई नसलेल्या, तेव्हा चार वर्षांच्या शाल्मलीसाठी, रोज दुपारी, वाती वळता वळता.

आता आत्याची दृष्टी मावळत होती. नजरेच्या मधोमध एक काळोख उगवला होता. टिपकागदावरच्या शाईसारखा तो हळूहळू पसरत होता.

"दिसतंय तोवर माझं गाव एकदा दाखव," एवढेच ती म्हणाली होती.

शाल्मलीने चित्र समोर धरले. आत्याने ते सरळ, डोळे भरून पाहिले. मग म्हणाली, "धुकं छान उतरलंय गं."

चित्रात धुके नव्हते. तिथे, अगदी मधोमध, चंद्र होता.

शाल्मली पुन्हा संगणकाशी बसली. पंधरा दिवस ती एकेक थर सोडवत राहिली. चंद्र डाव्या कडेला गेला, राई उजव्या कडेला; होडी खालच्या काठाला लागली. मध्ये उरले नुसते राखी, शांत, अथांग धुके.

साताऱ्याच्या प्रदर्शनात चित्र टांगताना दालनाचे शिपाई केरबामामा थबकले. "बाई, मधलं करायचं राहिलं की हो. कंटाळा आला काय?"

"मधलं आत्याचं आहे, मामा."

आत्या काठी टेकत आली. चित्रासमोर उभी राहिली, सवयीने सरळ पाहत. तिचा काळोख धुक्यात विरून गेला. आणि डावीकडे काहीतरी तांबूस उजळले.

"अगं, ही तर माझी परात," ती पुटपुटली. "पोचा तेवढा काढायचास ना?"

चंद्राकडे वळली असती, तर नजरेतल्या काळोखात चंद्र विझला असता. म्हणून ती वळली नाही. धुक्यावर नजर ठेवून उभी राहिली, निश्चळ, निळ्या तळ्यासारखी. डावीकडे चंद्र. उजवीकडे दिवे. पायाशी होडी. आणि मध्ये, आपल्या गावात, ती.