काळा पाव आणि न खाल्लेला केक

पाव जितका काळा तितका अंगाला चांगला, याबद्दल वालट्राउटच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिच्या आईने तसं सांगितलं होतं, आणि त्या बाईशी वाद घालायची टाप एल्बे नदीकाठच्या त्या गावात कुणाची नव्हती. नवऱ्याला, डेटलेफला, मधुमेह निघाला तसा तिने पांढरा पाव घरातून हद्दपार केला. रोज संध्याकाळी त्याच्यापुढे काळेभोर काप ठेवू लागली. तरी साखर जागची हलेना.

“पत्ते खेळायला जातोस आणि केक हाणतोस.”

“शिवलोसुद्धा नाही गं.”

“मग काय काळा पाव खाऊन साखर वाढते?”

पुढच्या गुरुवारी ती थेट पत्त्यांचा डाव जमायचा त्या खानावळीत गेली आणि मित्रांच्या देखत त्याला खोटारडा म्हणाली. त्यानंतर डेटलेफ डावाला गेलाच नाही. भांडलाही नाही. नुसता खिडकीशी बसायचा, आणि ते तिला भांडणापेक्षा जास्त बोचायचं.

शेवटी ती बेकरीत गेली. “आन्या, याहून काळा दे. नवऱ्याच्या साखरेसाठी हवाय.”

बेकरीची मालकीण आन्या चपापली. “अहो टीडेमानबाई, हा तर बहुतेक मैदाच! रंग माल्टचा, मोड आणून भाजलेल्या बार्लीचा. साखर पांढऱ्या पावाइतकीच चढणार. तो शेजारचा घ्या, फिकट दिसतो तो. अख्खा गहू आहे, कोंड्यासकट. दोन कापांत पोट भरतं आणि साखर दमादमाने चढते.”

“आणि हे आज सांगतेस?”

“विचारलंत कधी? बोट दाखवून ‘तो काळा’ म्हणता आणि चालू लागता.”

वालट्राउटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड लपवणं तिच्या रक्तात नव्हतं. चारचौघांत केलेली चूक चारचौघांतच निस्तरायची. फिकट पाव घरात टाकून तिने डेटलेफच्या अंगावर कोट चढवला आणि दंडाला धरून त्याला खानावळीत नेलं.

पत्ते पिसणारे हात थांबले.

“डेटलेफ खोटं बोलला नव्हता,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “केक त्याने खाल्ला नाही. रोज मैदा चारला तो मी. चुकले मी.”

डेटलेफने सावकाश आपली खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसला.

“परत एकदा सांग,” तो म्हणाला. “पलीकडे बसलेल्या फोल्कमारला कमी ऐकू येतं.”

तिने परत सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने.