टाळ्या वाजवणारा फळा

फळ्याने टाळ्या वाजवल्या तेव्हा उत्तर साफ चुकलेलं होतं.

प्रश्न सोपा होता: वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे? शेवटच्या बाकावरच्या मुलीने उभं राहून सांगितलं, "कपड्यातच मुरतं." लगेच डिजिटल फळ्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, 'शाब्बास! अगदी बरोबर!' आणि आतून शंभरेक माणसांनी टाळ्या वाजवल्या.

पाठवाल्या बाईंनी चटकन मागे बसलेल्या परीक्षकांकडे पाहिलं. शिक्षक होण्याआधी सरावाचे पाठ घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला या शाळेतली मुलं 'पाठवाल्या बाई' म्हणत. खऱ्या बाई वेगळ्या. या पाठवाल्या बाई चाळिशीच्या होत्या. दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनची खुर्ची सोडून त्या या वाटेला लागल्या होत्या, आणि ती खुर्ची आता भरली गेली होती. आजचा पाठ परीक्षेचा होता, तोही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी त्यांनी खडूने शिकवलं होतं. परीक्षकांनी शेरा मारला होता: 'तंत्रज्ञानाचा वापर नाही. विद्यार्थ्यांना प्रेरणा नाही.'

म्हणून या वेळी कॉलेजात जाणाऱ्या लेकीने स्लाइड करून दिल्या होत्या. "आई, तू फक्त प्रश्न विचार. सात सेकंदांनी शाबासकी आपोआप येईल. मुलं एकदम मोटिव्हेट!" मूल चुकलं तर काय, हे मायलेकींपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पाठाच्या आराखड्यात 'अपेक्षित उत्तर' असा रकाना असतो. अनपेक्षित उत्तराला जागाच नसते.

"बाई, चूक आहे ते!" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"गप रे, फळ्याने बरोबर दिलंय!"

निम्म्या वर्गाने 'कपड्यातच मुरतं' वहीत उतरवूनही घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

बाईंना चुकीची तेवढी धास्ती नव्हती. धास्ती होती त्या मुलीची. तासाच्या सुरुवातीलाच मुलांनी सावध केलं होतं, "तिला नका विचारू बाई, ती म्यूटवर असते." आणि तीच आज बोलली होती, टाळ्या ऐकून कानापर्यंत हसत होती. चूक म्हणावं, तर पोरगी पुन्हा म्यूट. बरोबर म्हणावं, तर मागे पेन उघडून बसलेले परीक्षक होतेच.

दवाखान्यातली इतकी वर्षं अगदीच वाया गेली नव्हती. मोठ्या मुश्किलीने उघडलेलं तोंड कुणी लगेच मिटायला लावत नाही, एवढं बाईंना कळत होतं.

"फळ्याचं राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याने कधी कपडे वाळत घातलेत?"

वर्ग हसला. बाईंनी पर्समधला रुमाल काढून त्या मुलीपुढे धरला. "हातात घे. किती जड?"

"काहीच नाही."

त्यांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतून तो पिळला. "आता?"

"आता जड."

"पाणी कपड्यातच मुरत असेल, तर वाळल्यावर कसा लागायला हवा?"

"जडच." मुलगी थांबली. कपाळाला आठी पडली. "पण..."

इतक्यात फळ्याने पुन्हा टाळ्या वाजवल्या. पुढची स्लाइड आपोआप आली होती आणि तिचेही सात सेकंद झाले होते. बाईंनी रिमोट दाबला, मग आपटला, शेवटी सरळ प्लग उपटला.

"घाई नाही. खिडकीत वाळत घाल. शाळा सुटताना बघू. आणि वहीतल्या त्या ओळीपुढे सगळ्यांनी प्रश्नचिन्ह काढा."

तास संपला. मुलं बाहेर गेल्यावर परीक्षक सावकाश पुढे आले.

"मॅडम, पाठाचा निष्कर्ष कुठाय?"

"खिडकीत वाळतोय, सर."

परीक्षकांनी खिडकीकडे पाहिलं. रुमालाचं एक टोक अजून ठिबकत होतं.

"ती मुलगी नेहमी बोलते?"

"नाही म्हणतात."

"हं. तंत्रज्ञानाचा वापर... झाला. जरा जास्तच झाला." त्यांनी सही केली. "पास आहात." दारापर्यंत जाऊन ते वळले. "त्या टाळ्या तेवढ्या मला पाठवून द्या. आमच्या मीटिंगमध्ये लागतील."

बाईंनी प्लगची वायर गुंडाळून ठेवली. लेकीला फोन करायला हवा होता. त्याआधी त्यांनी उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

शाळा सुटली तेव्हा मुलगी खिडकीशी उभी होती. तिने रुमाल तळहातावर ठेवून दोनदा वरखाली केला.

"हलका झाला, बाई."

"मग?"

"म्हणजे यात नाहीये." तिने रुमाल उलटापालटा करून पाहिला. "मग गेलं कुठे?"

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं. "तुला काय वाटतं?"

मुलगी खिडकीबाहेर पाहत राहिली. सात सेकंद कधीच उलटून गेले. काळ्याठिक्कर फळ्यासमोर पाठवाल्या बाई नुसत्या उभ्या होत्या, आणि कुणालाच कसली घाई नव्हती.