चार भोकांचं बटण

"बाबा, डोळे मिटा. आणि चोरून बघायचं नाही."

"मिटले, बाई. तू सुरू कर."

रविवारची दुपार होती. बाबांचे पाय खिडकीतल्या उन्हात, उशीवर. मी समोर स्टुलावर. हातात पेनाएवढी दांडी, तिच्या टोकाला जाड केसासारखा नायलॉनचा तंतू. तो वाकेपर्यंत तळपायावर ठरलेल्या दहा जागी टेकवायचा. कळलं तर समोरच्यानं "हो" म्हणायचं. साखरेच्या आजारात पायांच्या नसा अजून जाग्या आहेत का, ते यावरून समजतं. माझी वीस वर्षं या नसांमागे गेली. रक्तात साखरेचा पूर आणि नस मात्र उपाशी, असं का होतं, एवढा एकच प्रश्न मी प्रयोगशाळेतल्या उंदरांना विचारत आले आहे. उंदीर धड उत्तर देत नाहीत. बाबा देत. सहा वर्षं, दर रविवारी, दहाही जागी "हो".

त्या "हो"चा मला केवढा आधार होता! आठवडाभर भिंगाखाली विझत चाललेल्या नसा बघायच्या, आणि रविवारी ऐकायचं की निदान आपल्या घरात, या दोन पायांत, सगळं जागं आहे. बाबा जन्मभर शिंपी. चाळीस वर्षं याच पायांनी शिलाई मशीनचं पायडल हलवलं. दोन वर्षांपूर्वी "नजर साथ देत नाही" म्हणत त्यांनी मशीन बंद केलं. पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचत. मी त्यावरून त्यांची थट्टाही केली होती. शास्त्रज्ञ म्हणे!

त्या दुपारी ऊन असं काही पसरलं होतं की माझाच डोळा लागत आला. तंतू हवेतच राहिला. मला दिसत होते हिरव्या रंगात रंगवलेले नसांचे धागे, कमरेपासून अंगठ्यापर्यंत लांबच लांब, आणि कुणीतरी ते खालून सावकाश उसवत चाललेलं. दचकून मी सावरून बसले. स्टूल कुरकुरलं.

"हो," बाबा म्हणाले. "अंगठा."

मी पायाला अजून काही लावलंच नव्हतं.

जराशानं, स्टूल न हलवता, तंतू टेकवला. अंगठा. करंगळी. टाच. बाबा गप्प. मिटल्या डोळ्यांनी प्रश्नाची वाट बघत बसलेले. मग मी मुद्दाम स्टूल कुरकुरवलं.

"हो. मधलं बोट."

रुग्ण तपासताना मी सहकाऱ्यांना दटावते: क्रम बदला, मध्येच खोटा स्पर्श करा, माणूस तुम्हाला खूश करायला "हो" म्हणतो. आणि घरी सहा वर्षं एकाच क्रमानं, त्याच कुरकुरत्या स्टुलावरून विचारत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी त्यांचा पाय उचलून उन्हात धरला. करंगळीखाली एक गोल लाल वळ होता, आणि त्याच्या मधोमध चार ठिपके. खुर्चीखालचा जोडा उलटा केला. एक पांढरं बटण टप्‌कन फरशीवर पडलं.

बाबांनी डोळे उघडले. "अरे वा, सापडलं! सकाळपासून शोधतोय."

"बाबा, तुम्ही हे पायाखाली घेऊन बाजारात जाऊन आलात."

"माझ्या पायाखालची वाळू सरकली तरी मला पत्ता लागायचा नाही. बटणाचं काय घेऊन बसलीस?" ते हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले.

"कधीपासून?"

"झाली की तीनेक वर्षं. आधी कापसावर चालल्यासारखं वाटायचं. छान वाटायचं खरं तर. मग कापूसही गेला. आता नुसता तरंगतो." त्यांनी बटण शर्टाच्या रिकाम्या जागी धरून बघितलं. "पायडल कुठं आहे तेच कळेना, म्हणून मशीन बंद केलं. नजर चांगली आहे माझी. तू कामावरून कसलं तोंड घेऊन येतेस ते दिसतं मला. मी 'हो' म्हटलं की उजळायचं. मग कशाला नाही म्हणू?"

मला राग आला. त्यांचा, माझा, त्या मेल्या स्टुलाचा. आणि मग रडूच कोसळलं.

"आधी सांगितलं असतं तर..."

"तर बरं केलं असतंस?"

"नाही. ते अजून नाही येत कुणाला. पण जपलं असतं." मी नाक पुसलं. "सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात, बाबा."

"आमच्यातही तसंच. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, मध्येच झिजतो," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला निघाले. मी दारात खाली बसले आणि त्यांच्या जोड्यात हात घातला, बोटं पार टोकापर्यंत. आता हे रोज करायचं.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. गार आहे आत. अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. टाचेकडचं अस्तर मऊ लागतंय."

बाबांनी दाराच्या चौकटीला धरून डोळे मिटले.

"हो," ते म्हणाले.