आनंदाच्या रविवारचं स्तोत्र

"थांबा! आरती, परत सुरातनं उतरलीस." कुंडलिकनं पेटीवर थाप मारली.

जुन्नरच्या त्या छोट्या चर्चमध्ये शनिवारी दुपारी चौथ्यांदा गाणं मोडलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात इथं प्रार्थनेला पेटी बंद असायची. मधल्या एकाच रविवारी, आनंदाच्या रविवारी, ती वाजायची. त्या दिवसासाठी कुंडलिकनं यंदा स्वतः तीन आवाजांचं स्तोत्र बसवलं होतं. वीस वर्षं बोअर पाडणाऱ्या गाडीवर काढलेला, आता मंचरला दुकान टाकून पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा हा साठीचा माणूस. पण इथं त्याला सगळे मास्तरच म्हणायचे.

"मामा, मी पेटीशीच मिळवतेय," आरती म्हणाली. खोडदच्या शाळेत शिकवणारी ही त्याची भाची. तिचे डोळे भरून आले होते.

"मंग पेटीच बिघडलीय."

गाणाऱ्यांतली तेजस्विनी पुढं झाली. तिनं पट्टी दाबली आणि सूर मोजणारं मोबाइलमधलं अ‍ॅप त्याला दाखवलं. "काटा मधीच हाय, मास्तर. पेटीला काय बी झालं न्हाई."

कुंडलिकनं तिला भाता हलवत राहायला सांगितलं. एका हातानं तीच पट्टी दाबून धरली, दुसऱ्या हाताचं बोट उजव्या कानात घातलं. मग डाव्या कानात. पट्टी एकच, पण दोन कानांत दोन सूर येत होते. त्यानं पुन्हा करून पाहिलं.

"काय झालं, मामा?"

"काय नाय. उद्या आठला या."

बाहेर पडून त्यानं मोटारसायकल काढली आणि घराकडं न वळता पिंपरी पेंढारपर्यंत गेला. टपरीवर चहा सांगितला, तो यायच्या आत उठला. वीस वर्षं कानाशी धडधडणारा बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर आठवत होता, आणि आरतीचे डोळे. कुणाला न सांगताही उद्याचा दिवस निभला असता. नुसते हात तर हलवायचे होते.

सकाळी त्यानं आरतीला दारातच गाठलं.

"आज गाणं तू घे. महिनाभर तुला उगं बोललो. तू सुरातच व्हतीस. माझे कान गेलेत."

"मामा, असं नका ना बोलू…"

"जा. आन् मधी थांबू नको, पोरी घाबरत्यात."

तो तिसऱ्या बाकावर म्हाताऱ्या ठकूबाईंशेजारी बसला. गाणं सुरू झालं. पुरुषांचा खालचा आवाज पोहोचत होता. वरच्या सुरांना मात्र आरतीचं तोंड उघडत-मिटत होतं आणि कानात नुसती सुरसुर. ज्या ओळींसाठी दुकानात दुपारच्या दुपारी घालवल्या, त्याच या. तो गुडघ्यावर बोटानं ताल धरत राहिला.

गाणं संपलं. ठकूबाईंनी डोळे पुसले. "लई ग्वाड व्हतं रं, कुंडलिक."

"वरचं मला ऐकू आलं नाय, मावशी." तो बोलला ते त्याला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं. पुढची दोन माणसं वळली. "कसं व्हतं?"

ठकूबाईंनी पदर सावरला, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि थरथरत्या, खालच्या आवाजात वरच्या सुरांची पहिली ओळ धरली. या रविवारचा गुलाबी झगा घातलेले फादर प्रार्थनेसाठी उठले होते; ते तसेच थांबले. कुंडलिकनं मान झुकवली आणि डोळे मिटून ऐकत राहिला.