दोन नंबरच्या टेबलापुढचा पडदा

मी बाळंतपणाच्या खोलीतला पडदा बोलतोय. हिरवा, जाड कापडाचा. दोन नंबरच्या टेबलापुढे माझी नेमणूक आहे. बायकांची लाज राखायची एवढंच काम. पहिल्या दिवशी मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू! नव्या नोकरीत सगळ्यांनाच वाटतो.

आठवड्यातच मला बँडेजच्या पट्टीने भिंतीशी बांधून टाकलं. सारखं कोण सरकवणार? मग मी भिंतीची लाज राखू लागलो. बाई टेबलावर उघडी, आणि पंखा दुरुस्त करणारा शिडीवर. त्याला बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना, म्हणून तो पंख्याकडे बघत होता. तेवढी तरी माणुसकी त्याच्यात होती.

मला सोडायचे ते फक्त डॉक्टर तपासायला आले की. त्यामुळे इथे एक रीतच पडली. पडदा ओढलेला दिसला म्हणजे आत कोणीतरी आहे, आपण जायचं नाही.

एके दिवशी सकाळी एक पहिलटकरीण आली. वीसेक वर्षांची असेल. आईचा हात घट्ट धरून आली होती. मोठ्या सिस्टरने दारातच तो हात सोडवला.

"आजी, तुम्ही बाहेर. आत गर्दी नको."

"अहो, नुसती उशाशी उभी राहते. घाबरट आहे हो ती."

"मग आणायचीच नव्हती."

आत आई मावत नव्हती. शिकाऊ डॉक्टर मात्र सात मावले. सातही जणांनी तिला तपासलं. नाव एकानेही विचारलं नाही. नावाचं काय काम होतं, ती दोन नंबर होती.

कळ आली तशी ती ओरडली. सिस्टरने तिच्या मांडीवर फाडकन चापट मारली.

"नवऱ्याजवळ जाताना ओरडली होतीस का? आता आवाज केलास तर कोणी फिरकणार नाही. गप राहिलीस तरच येईन मी."

खरं सांगायचं तर सिस्टरला सकाळपासून घोटभर चहासुद्धा मिळाला नव्हता. पण न मिळालेल्या चहाचा राग दुसऱ्याच्या मांडीवर का काढतात, हे मला कापडाला काही कळलं नाही.

पोरीने मान हलवली. गुणी होती. मनगट दाताखाली धरलं आणि गप झाली.

त्याच दिवशी इस्पितळाच्या तपासणीला मोठी माणसं यायची होती. त्यासाठी आदल्या दिवशीच मला धुऊन कडक इस्त्री केली होती. आता पट्टी सोडून मला टेबलापुढे ओढलं. काय सांगू, नवरदेव दिसत होतो मी! सिस्टरला वाटलं, आत शिकाऊ डॉक्टर आहेत. शिकाऊ डॉक्टरांना वाटलं, आत सिस्टर आहे. पडदा ओढलाय म्हणजे कोणीतरी असणारच. सगळे फुलं घेऊन दाराशी उभे राहिले.

आत होतो ते मी आणि ती.

"सिस्टर," ती म्हणाली. इतकं हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं. "सिस्टर, बाळ येतंय वाटतं."

बाहेर मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगत होते, "बघा, किती शांतता आहे. आमच्याकडच्या बायका अगदी समाधानी असतात." पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं, शांतता आहे.

तिने हात लांब केला. धरायला काहीच नव्हतं, मी होतो. तिने मला सगळा जीव एकवटून ओढलं. कड्या तटातट निघाल्या आणि दांडीसकट मी खाली आलो. पाहुणे, डॉक्टर, फुलं, सगळं समोर! एका पाहुण्याने तोंड फिरवलं. बाकीचे डॉक्टरांकडे बघत राहिले. त्यांच्यातलं कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या मावशीने फडकं टाकलं आणि धावली.

"अगं बाई, डोकं आलंय! बाळे, मी आहे हं. मी आहे."

बाळ मावशीच्या हातात आलं. निळसर. रडेना. मग सिस्टर धावत आली. तिने बाळाचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळवे चोळले. तिचे हात इतके हुशार आहेत, इतके मऊ आहेत, हे मला तेव्हा कळलं. सकाळचे तेच हात होते ते.

बाळ रडलं. खणखणीत रडलं.

पोरीने सिस्टरकडे बघून विचारलं, "आता मी रडले तर चालेल का?"

सिस्टर बाळाकडेच बघत राहिली. मावशी म्हणाली, "रड गं माझी बाई."

नंतर मोठी बैठक झाली. मला वाटलं, आता आईला आत घेतील. एवढी माणसं शिकलेली, तेवढं तर सुचेलच. सुचलं ते असं, की पडद्याची दांडी कमकुवत होती. आता लोखंडी दांडी बसवलीय, भिंतीत सिमेंटने पक्की. दोन बायका लोंबकळल्या तरी मी पडायचा नाही. भिंतीवर पाटीही लागलीय, पडदा धरून ओढू नये.

आत्ता मी टेबलापुढे आहे. आत एक बाई आहे. कधीपासून शहाण्यासारखी गप आहे. बाहेर तिची आई दाराला कान लावून उभी आहे.

मला हात नाहीत. जाता जाता कोणीतरी मला जरा बाजूला करा हो.