लाल लोकरीची तीन रोपं

“तोंड बंद ठेवायचं, मिस व्हर्लीन. एवढंच मागतोय,” मुख्याध्यापक बॉयकिन फाटकाकडे बघत म्हणाले.

“ठेवलंय की. दात तरी दिसतायत का?” म्हणत व्हर्लीन उठली आणि नळ नीट बंद आहे ना, ते पुन्हा एकदा बघून आली. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

बॉयकिनचं तरी काय चुकलं? मागच्या वर्षी देणगी द्यायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, “बरं झालं, ही मुलं रस्त्यावर तरी नसतात.” व्हर्लीननं तिथल्या तिथे त्यांना फैलावर घेतलं. बाई गेल्या, पैसेही गेले. आज बघायला येणारी देणगीदार संस्था नाही म्हणाली, तर नाताळनंतर व्हर्लीन शिकवायची तो शेतीचा वर्ग बंद आणि शाळेमागच्या या जागेत गाड्या उभ्या राहणार. डेट्रॉइटमध्ये ओसाड जागांना तोटा नव्हता, पण मुलांनी भाजी पिकवलेली आसपास ही एकच होती.

पाहुण्या एकदाच्या आल्या. व्हिटकॉम्ब नावाच्या हसऱ्या बाई, सोबत फोटोवाला. त्यांनी मुलांची नावं विचारली, खताच्या ढिगात हातसुद्धा घातला. बाई वाईट नव्हत्या, आणि व्हर्लीनला तेच जड जात होतं.

“आता कापणीचा फोटो घेऊ या,” बाई म्हणाल्या.

“ही कॉलर्डची पालेभाजी अजून कापत नाही आम्ही,” अकरावीतली किझाया म्हणाली. “एकदा दव गोठलं की मग पानं गोड होतात. आत्ता खाल्लीत तर चपलेचं कातडं चावल्यासारखं लागेल.”

“फोटोत चव कुठे कळते?” फोटोवाला हसला. “मुळासकट हवंय, माती लोंबतेय असं. ती टोकाची तीन उंच आहेत बघा. लाल दोराही मस्त दिसेल.”

बाकीची ओळ दुकानातल्या बियांची होती. ती तीन मात्र व्हर्लीनच्या आईनं अलाबामाहून रुमालाच्या गाठीत आणलेल्या बियांची. उरलेलं बी उंदरांनी फस्त केलं होतं. ही तीन रोपं थंडीभर गोधड्यांखाली जगवायची आणि वसंतात फुलू देऊन नवं बी धरायचं, म्हणून तर त्यांना लाल लोकर बांधली होती.

“ती नाही उपटायची!” किझाया पुढे झाली. “ती मिस व्हर्लीनच्या आईची...”

बॉयकिननी व्हर्लीनकडे पाहिलं.

“उपट,” व्हर्लीन म्हणाली.

“मिस व्हर्लीन!”

“उपट म्हटलं ना? बुंध्याशी धर. हिसका मारू नकोस.”

तीन मुलं, तीन रोपं. फोटोवाला म्हणाला, हसा. किझाया हसली नाही, तोच फोटो त्याला सगळ्यात आवडला.

पाहुण्यांची गाडी वळली तशी व्हर्लीननं तिन्ही रोपं पुन्हा खड्ड्यात लावली, पाणी घातलं, माती पायानं दाबली. मुळं तुटलेली तिला दिसली होती.

“बोलायचं होतं ना तुम्ही,” किझाया म्हणाली. “तुम्ही तर कुणालाच सोडत नाही.”

“बोलले होते की. मागच्या वर्षी.”

आठवड्यानं बॉयकिन धावत आले. पैसे मंजूर! वर्ग चालू राहणार, नव्या कुदळी येणार. मुलांनी आरडाओरडा केला. व्हर्लीनही टाळ्या वाजवत होती. तिला मनापासून आनंद झाला होता आणि आईची आठवणही येत होती. तोवर तिन्ही रोपं वाळून आडवी पडली होती.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी एका पहाटे दव गोठलं. मुलं बोटांवर फुंकर घालत खालची पानं कापत होती. किझायानं एक पान चावून पाहिलं आणि ओरडली, “गोड झालं!”

तेवढ्यात व्हर्लीन फाटकातून आली. काखेत तीन जुन्या गोधड्या होत्या. दव गोठलं की त्या कपाटातून काढायच्या, हातांना तेवढंच ठाऊक. टोकाच्या रिकाम्या मातीपाशी ती थांबली.

तिनं गोधड्या झटकल्या आणि लाकडी बाकावर एकीवर एक अंथरल्या.

“बाक गार पडलाय,” ती म्हणाली. “बसून जुड्या बांधा. आणि किझाया, तो सुरा इकडे दे.”